पेंटरचं बिल, लेझर मीटर आणि मामाचा टूबीएचके

आधी आकडे सांगते, कारण हे सगळं प्रकरण आकड्यांचंच आहे. डोंबिवलीतला मामाचा टूबीएचके, बिल्डिंग जुनी, दिवाळीच्या आधी आतून रंगवायला दिला. भाव ठरला २२ रुपये स्क्वेअर फूट, मटेरियलसकट. म्हणजे जिथे पोपडे आलेत तिथे खरवडून पुट्टी, एक हात प्रायमर आणि दोन हात इमल्शन. दारांचा ऑइल पेंट आणि संडास-बाथरूम हे वेगळं, उक्तं ठरलं होतं, त्यामुळे ते या हिशेबात नाही. काम चांगलं झालं, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, मामी तर खूश होती. मग बिल आलं: २,४५० स्क्वेअर फूट गुणिले २२, म्हणजे ५३,९०० रुपये. मामाने मनात चाळीस धरले होते.

आता हे चाळीस त्याने कुठून आणले ते विचारू नका, शेजारच्या विंगमध्ये कोणाचं तरी तेवढ्यात झालं होतं म्हणे. आणि पेंटरने २,४५० कुठून आणले? तर कामाच्या आधी त्याने विचारलं होतं "काका, केवढा फ्लॅट आहे?" आणि मामा म्हणाला होता "सातशेचा". झालं. सातशे गुणिले साडेतीन. पेंटर लोकांचा हा ठरलेला ठोकताळा आहे, कार्पेटच्या (म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेच्या) तीन ते साडेतीन पट भिंती आणि छत मिळून रंगवायला येतं असं धरतात, कोटेशन देताना सगळेच देतात असं, त्यात काही चोरी नाही. गडबड अशी की मामाचे सातशे हे कार्पेट नव्हतेच, फ्लॅट बुक करताना बिल्डरने सांगितलेला सुपर बिल्टअप होता, म्हणजे जिना-लॉबीतला वाटाही धरलेला, आणि तोच आकडा घरात इतकी वर्षं चालत आलाय, कोणी विचारलं की सातशे.

मामा चिडला, पेंटर म्हणाला "काका सगळीकडे असंच असतं", मामा म्हणाला "मोजून दाखव", पेंटर म्हणाला "मोजा की, मी कुठे नाही म्हणतो". मग मला फोन. "तुझं ते लाल दिव्याचं यंत्र घेऊन ये."

ते यंत्र म्हणजे लेझर डिस्टन्स मीटर. दोनेक हजाराचं साधं, चाळीस मीटरपर्यंत मोजतं, अचूकता अधिक-उणे २ मिलिमीटर असं खोक्यावर लिहिलंय. पडद्यांसाठी घेतलं होतं आणि नंतर पडून होतं. मोबाईलच्या निम्म्या आकाराचं, दोन पेन्सिल सेल, मागची कड भिंतीला टेकवायची, बटण दाबलं की समोर लाल ठिपका, परत दाबलं की आकडा.

आधी यंत्रावर विश्वास बसायला हवा

मी गेले तेव्हा पेंटरदादा, त्यांचा मुलगा आणि मामा तिघंही हॉलमध्ये उभे. दादांचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता: "ताई, हे यंत्र खरं सांगतंय कशावरून?" मला वाटतं सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम इथे झालं. मी म्हटलं तुमची टेप काढा. हॉलची लांब बाजू त्यांनी त्यांच्या स्टीलच्या टेपने मोजली, एक टोक मुलाने धरलं, सोफ्यावरून टेप लोंबत होती म्हणून सोफा सरकवला, आली चौदा फूट सहा इंच. मग मी तीच बाजू यंत्राने घेतली आणि त्यांना समजावं म्हणून फुटात दाखवली. स्क्रीनवर १४.५०.

"हे बघा, पाच इंच दाखवतंय, माझ्यात सहा आहेत."

दहापैकी आठ भांडणं इथेच होत असतील. १४.५० म्हणजे साडेचौदा फूट, अर्ध्या फुटाचे सहा इंच, म्हणजे दोन्ही मोजमापं एकच होती. पण दशांशातले फूट आणि इंच हे कागदावर एकसारखे दिसतात, आणि एकदा का कोणी १४.५ चे १४ फूट ५ इंच लिहिले की पुढे सगळा गुणाकार बिघडतो. यंत्रात फूट-इंच वेगळं दाखवायचीही सोय असते, पण त्यात परत सोळांश इंच येतात, ते गुणाकाराला डोकेदुखी. म्हणून तिथेच ठरवलं की सगळं मीटरमध्ये लिहायचं आणि अगदी शेवटी एकदाच १०.७६४ ने गुणून स्क्वेअर फूट करायचे. टेप आणि यंत्र तीन ठिकाणी पडताळून बघितलं, हॉल, बेडरूमची आडवी बाजू आणि दाराची चौकट, तिन्हीकडे जुळलं, मग दादा म्हणाले चला.

हे यंत्र चालतं कसं हे मामाला फार कुतूहल, त्याला दोन वाक्यांत सांगितलं ते इथेही सांगते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे एक मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर जाऊन-येऊन साडेसहा पिकोसेकंदांच्या आसपासचा फरक ओळखावा लागेल, दोन हजाराच्या यंत्रात असलं घड्याळ कुठून येणार? म्हणून यातली बरीचशी यंत्रं सरळ वेळ मोजत नाहीत, लेझरचा उजेड फार वेगाने कमी-जास्त करत राहतात आणि परत आलेल्या उजेडातला चढ-उतार पाठवलेल्यापेक्षा किती मागे पडलाय त्यावरून अंतर काढतात. हातात मावणारं असं पहिलं यंत्र लायका कंपनीने १९९३ मध्ये आणलं, तेव्हा ते सर्व्हेवाल्यांनाच परवडायचं. लेझर क्लास २ चा, एक मिलिवॉटच्या आतला, तरी दादांच्या मुलाला आधीच सांगितलं की डोळ्यात मारायचा नाही, कोणाच्याही.

मोजताना काय काय नडलं

रिकाम्या खोलीत हे काम फार सोपं. सामानाच्या घरात तेवढं नाही, पण टेपपेक्षा कितीतरी बरं, कारण लाल ठिपका सोफ्याच्या वरून, कॉटच्या वरून जातो, काही हलवावं लागत नाही.

भिंती सरळ नसतात हे पहिलं. हॉलची लांबी तीन उंचींवर घेतली तर ४.४१, ४.४२ आणि ४.४३ आली. यंत्र दोन मिलिमीटर म्हणतंय आणि भिंतच दोन सेंटीमीटर खेळतेय. मधला आकडा धरला. दुसरं म्हणजे ठिपका समोर नेमका काटकोनात पडला पाहिजे, तिरका गेला की अंतर वाढतं, कमी कधीच होत नाही. पण किती वाढतं? साडेचार मीटरच्या खोलीत ठिपका वीस सेंटीमीटर बाजूला सरकला तर साडेचार मिलिमीटर. म्हणजे हात थोडा हलला तर आकाश कोसळत नाही. थोडं इकडे-तिकडे हलवून सगळ्यात छोटा आकडा घ्यायचा, बास.

उंचीचा घोळ जास्त होता. यंत्र जमिनीवर उभं ठेवून छताकडे मारलं की २.९४ येत होते, पण खाली दहा सेंटीमीटरची स्कर्टिंगची टाइल आहे आणि तिला रंग लागत नाही. म्हणून रंगाची उंची २.८४. दारं, खिडक्या, टाइल्स, सगळ्यांच्या उंच्या पण मग स्कर्टिंगच्या रेषेपासूनच धरल्या. दहा सेंटीमीटर म्हणजे काय मोठं वाटत नाही ना? घरभर फिरवा, जवळजवळ पंचावन्न मीटरच्या भिंती आहेत, साडेपाच स्क्वेअर मीटर होतात, म्हणजे बाराशे-तेराशे रुपये. दादांनी यावर वाद घातला नाही. स्कर्टिंग रंगवत नाहीत हे कोणालाही दिसतं.

मोठ्या बेडरूमच्या कपाटाला आरसा आहे. समोरच्या भिंतीवरून मारलं तर ज्या अंतराला पावणेतीनच्या आत यायला हवं होतं तिथे पाचच्या वर आकडा, कारण किरण आरशावरून परत फिरून मागच्या भिंतीवर जाऊन आला. आरशावर मामीच्या देवघरातल्या कॅलेंडरचं जुनं पान सेलोटेपने लावलं, आकडा सरळ झाला. बाल्कनीच्या स्लायडिंगला तर काचेतून आरपार जाऊन समोरच्या बिल्डिंगची भिंत मोजली त्याने, मामाला तेच फार आवडलं, तो तिथून खालच्या झाडापर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत मोजत सुटला. पण दुपारच्या उन्हात ठिपका दिसेना, तेव्हा तो खेळ आपोआप संपला. ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवरही आकडा यायला वेळ लागत होता, काळं आणि चकचकीत दोन्ही असल्यावर उजेड धड परत येत नाही.

आणि एक, हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं म्हणून सांगते. मध्येच यंत्र दादांच्या मुलाच्या हातात होतं, त्याच्याकडून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि छोट्या बेडरूमची मापं अचानक अकरा सेंटीमीटरने कमी यायला लागली. या यंत्रांना मोजायला सुरुवात कुठून करायची ते ठरवता येतं, मागच्या कडेपासून की पुढच्या कडेपासून, आणि दोन्हीतला फरक म्हणजे यंत्राची स्वतःची लांबी. स्क्रीनवर एक छोटं चित्र असतं तेवढंच, कोणी बघत नाही. आमच्या लक्षात आलं कारण छत आणि जमीन आधी २.९४ होतं ते २.८३ दाखवायला लागलं, आणि स्लॅब काही दुपारच्या चहात खाली येत नाही. म्हणून दर खोलीत एकदा उंची घेऊन बघायची, तीच येत असेल तर यंत्र जागेवर आहे.

हाती आलेले आकडे

सगळं मीटरमध्ये, भिंती म्हणजे घेर गुणिले २.८४, आणि यात अजून दार-खिडकी काहीच वजा केलेलं नाही:

हॉल ४.४२ × ३.०५, भिंती ४२.४३, छत १३.४८
स्वयंपाकघर २.७४ × २.४४, भिंती २९.४२, छत ६.६९
मोठी बेडरूम ३.३५ × ३.०५, भिंती ३६.३५, छत १०.२२
छोटी बेडरूम ३.०५ × २.७४, भिंती ३२.८९, छत ८.३६
पॅसेज २.१० × ०.९५, तीन बाजू १४.६३, छत २.००

एकूण १९६.४७ स्क्वेअर मीटर, म्हणजे २,११५ स्क्वेअर फूट. म्हणजे एकही दार वजा न करता, पेंटरच्या बाजूने सगळं धरूनसुद्धा २,४५० होत नव्हते. दादांनी स्वतः मोबाईलवर गुणाकार करून बघितला आणि मान्य केलं. इथपर्यंत यंत्राचं काम. मला वाटलं आता अर्ध्या तासात मिटेल.

नाही मिटलं. उलट खरं भांडण आता सुरू झालं.

मामाचं म्हणणं सरळ: जिथे ब्रश लागला नाही तिथले पैसे नाही. सगळी दारं, दोन्ही बाजूंनी. सगळ्या खिडक्या. बाल्कनीचं स्लायडिंग. स्वयंपाकघरातल्या टाइल्स. बेडरूमचं छतापर्यंतचं कपाट, त्याच्या मागे काही रंग दिलेला नाही. पॅसेजचं हॉलमध्ये उघडणारं तोंड. मी एकेक मोजून यादी केली, ३९.३० स्क्वेअर मीटर वजा. राहिले १५७.१७, म्हणजे १,६९२ स्क्वेअर फूट, म्हणजे ३७,२२४ रुपये. त्याला एग्झॉस्ट फॅनचं भोकसुद्धा वजा करायचं होतं, तीस बाय तीस सेंटीमीटर, एकवीस रुपयांचं, तिथे मी हात जोडले.

दादांचं म्हणणं: "ताई, खिडकी आहे म्हणून काम कमी होत नाही, वाढतं." आणि यात तथ्य आहे हो. सपाट भिंतीवर रोलर फिरवला की झालं, खिडकीला आधी कागद-टेप लावा, मग चौकटीच्या कडेने छोट्या ब्रशने कटिंग करा, वर खिडकीच्या आतल्या कडा, म्हणजे भिंतीच्या जाडीचा जो भाग आत दिसतो, खाली-वर आणि दोन्ही बाजूंनी, तो सगळा रंगवायचा, आणि तो कुठे मोजलाय? नव्हताच मोजला. मामाच्या हिशेबात खिडकी पूर्ण वजा होती आणि कडा फुकट.

म्हणजे गंमत बघा. यंत्राच्या दोन मिलिमीटरने अख्ख्या बिलात फरक पडतो तो फार तर साठ-सत्तर रुपयांचा. आणि खिडकी वजा करायची की नाही, दार एकदा की दोनदा, यावर हजारोंचा. लेझर त्याबद्दल काही सांगत नाही.

चौथ्या मजल्यावरचे काका

चौथ्या मजल्यावर एक काका राहतात, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, आयुष्यभर एमबी भरण्यात गेलं, एमबी म्हणजे मेजरमेंट बुक. मामीने त्यांना चहाला बोलावलं (मामी या प्रकरणात सगळ्यात शहाणी होती). त्यांनी आमचा कागद बघितला आणि म्हणाले, "अहो यासाठी नियम आहे की." आयएस १२००. बांधकामाची मोजमापं कशी घ्यायची यासाठीचं भारतीय मानक, त्याचे बरेच भाग आहेत, प्लास्टरचा बारावा, सफेदी-डिस्टेंपर-रंगाचा तेरावा. सरकारी कामांत याच पद्धतीने मोजतात. खाजगी कामाला ते बंधनकारक नाही, दोघांनी मानलं तरच, पण तिसऱ्या कोणी आधीच विचार करून ठेवलेलं काहीतरी आहे हे महत्त्वाचं.

नियम साधारण असा. अर्ध्या स्क्वेअर मीटरपर्यंतचं उघडं, म्हणजे व्हेंटिलेटर, फॅनचं भोक वगैरे, वजा करायचं नाही आणि त्याच्या कडाही धरायच्या नाहीत. अर्धा ते तीन स्क्वेअर मीटर, म्हणजे घरातली जवळजवळ सगळी दारं-खिडक्या यातच येतात, भिंतीच्या दोन्ही बाजूंना तोच रंग असेल तर एकाच बाजूने वजा करायचं, दुसऱ्या बाजूचं नाही, आणि कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. एकाच बाजूला रंग असेल तर बघायचं की चौकट भिंतीच्या जाडीत कुठे बसलीये, रंगवलेल्या बाजूची कड दुसऱ्या बाजूएवढी किंवा जास्त रुंद असेल तर काही वजा नाही, कमी असेल तर पूर्ण वजा. आणि तीन स्क्वेअर मीटरच्या वरचं असेल तर पूर्ण वजा, पण मग कडा मोजून मिळवायच्या.

यातली अक्कल मला फार आवडली. वजा न केलेली एक बाजू ही ठेकेदाराला दिलेली बक्षिसी नाही, ती त्या कडांची मजुरी आहे जी मोजत बसलो तर दिवस जाईल. म्हणजे दादा जे तोंडी सांगत होते तेच कोणीतरी नियमात बसवून ठेवलंय, आणि मामा जे म्हणत होता त्यातला न्याय्य भागही त्यात आहे.

मग तोच कागद परत घेतला. दोन्ही बेडरूमची दारं (१.७८ प्रत्येकी) आणि स्वयंपाकघराचं दार नसलेलं तोंड (१.८५), दोन्हीकडे तोच रंग, म्हणून एकेकदा वजा, ५.४१. खिडक्यांची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम बाहेरच्या अंगाला बसवलेली, आतली कड रुंद, म्हणून चारही खिडक्या वजा नाहीत, इथे मामाचा चेहरा पडला. संडास-बाथरूमच्या दारांची चौकट पण पलीकडच्या, म्हणजे बाथरूमच्या अंगाला, पॅसेजकडची कड रुंद, तीही वजा नाहीत. मेन डोअरची चौकट मात्र घराच्या बाजूला भिंतीशी लेव्हल, म्हणून ते पूर्ण वजा, २.०२. बाल्कनीचं स्लायडिंग १.८३ × २.१० म्हणजे ३.८४, तीनच्या वर, म्हणून पूर्ण वजा आणि बारा सेंटीमीटरच्या कडा ०.७२ परत जमा. पॅसेजचं तोंड २.२८ वजा. टाइल्स (३.७० × १.४५) आणि कपाट (१.८५ × २.८४) हे उघडं नाही, तिथे रंगच नाही, त्यामुळे सरळ वजा, १०.६२. सगळं मिळून २३.४५.

राहिले १७३.०२ स्क्वेअर मीटर. १,८६२ स्क्वेअर फूट. ४०,९६४ रुपये.

मामा खूश, त्याच्या चाळीसच्या जवळ आलं. पण काका कागद खाली ठेवायला तयार नव्हते, "बीम कुठे आहे यात?" हॉलच्या मधून एक बीम गेलाय, स्लॅबच्या खाली पस्तीस सेंटीमीटर. त्याचा तळ छतात आला, पण दोन बाजू? २ × ०.३५ × ३.०५, म्हणजे २.१४. आणि माळे. छोट्या बेडरूममध्ये आणि स्वयंपाकघरात साठ सेंटीमीटर खोलीचे माळे आहेत, त्यांचा खालचा भाग आणि समोरची पट्टी रंगवलीये, ती कोणीच धरली नव्हती, ना मी, ना मामाने, आणि पेंटरनेही नाही, कारण त्याचा सगळा भर साडेतीनपटीवर. माळे मिळून ३.६१. म्हणजे आणखी ५.७५ जमा. एकूण १७८.७७, म्हणजे १,९२४ स्क्वेअर फूट, २२ ने ४२,३२८ रुपये.

४२,३०० वर तुटलं. दादा म्हणाले वरचे अठ्ठावीस चहाचे.

साडेतीनपटीचं काय

घरी आल्यावर मी एक वेगळाच हिशेब करून बघितला. आतल्या भिंती, संडास-बाथरूम धरून मामाचा खरा कार्पेट पाचशेच्या आसपास निघतो. त्याची साडेतीनपट केली असती तर १,७५०. म्हणजे मामाने पहिल्या दिवशी खरा कार्पेट सांगितला असता आणि पेंटरने तोच ठोकताळा लावला असता तर नुकसान पेंटरचं झालं असतं, पावणेदोनशे फुटांचं, पावणेचार हजार रुपयांच्या वर. प्रत्यक्षात पट आली जवळजवळ ३.८५.

असं का? कारण खोली लहान असली की जमिनीच्या मानाने भिंती जास्त. दहा बाय दहाची खोली, उंची आमच्यासारखी सव्वानऊच्या थोडी वर, चार भिंती ३७२ आणि छत १००, मिळून ४७२, म्हणजे पावणेपाच पट. वीस बाय वीसचा हॉल घ्या, भिंती ७४४ आणि छत ४००, मिळून ११४४, तीनपट पण नाही. दार-खिडक्या वजा करून दोन्ही आकडे खाली येतील पण फरक राहणारच. म्हणून जुन्या डोंबिवली-कल्याणकडच्या छोट्या खोल्यांच्या फ्लॅटला एक पट आणि नव्या टॉवरमधल्या मोठ्या लिव्हिंग रूमला दुसरी पट लागेल, आणि सगळ्यांना एकच साडेतीन लावला की कोणीतरी एक जण मार खाणार. पेंटर लोक हे धंद्यात सांभाळून घेतात, लहान घर असलं की एरिया जरा "वरचा" धरतात, आणि मग लोकांना वाटतं फसवतोय. मला तरी आमच्या दादांनी फसवलं असं वाटलं नाही. त्यांना सातशे सांगितले, त्यांनी सातशेला गुणलं.

हे दादांना फोनवर सांगितलं तर ते हसले नाहीत, शांतपणे म्हणाले, "ताई, वन आरके कधीच फुटावर घेत नाही मी, उक्तंच घेतो." म्हणजे त्यांना हे माहीत होतं, फक्त गणित न मांडता.

आता पुढे

ही बातमी बिल्डिंगमध्ये फिरली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, जिना रंगवायचाय, तीन कोटेशन आलीत, तिन्हीत एरिया वेगळा, यंत्र घेऊन येता का. मी जाऊन बघितलं. जिन्यात हे यंत्र अर्धंच उपयोगाचं. मजल्यांच्या लँडिंगच्या भिंती होतील, पण पायऱ्यांच्या कडेची तिरकी पट्टी, जिन्याचा खालून दिसणारा उतरता स्लॅब, हे सगळं तिरकं. यंत्रात तीन मापं घेऊन काटकोन त्रिकोणाने तिरकी लांबी काढायची सोय आहे, पण तीनही ठिपके एकाच जागेवरून मारावे लागतात, हात हलला की चूक वाढत जाते, त्यापेक्षा उताराच्या बाजूने टेप लावून सरळ लांबी घेतलेली बरी. रेलिंगच्या गजांमध्ये तर ठिपका कधी गजावर पडतो कधी पलीकडे.

पण मी सेक्रेटरींना वेगळंच सांगितलं. तिन्ही पेंटरना बोलवा आणि आधी एका कागदावर लिहून घ्या की काय मोजायचं: मीटर बॉक्सच्या मागची भिंत धरायची का, डक्टची दारं वजा का, रेलिंगची एक बाजू की दोन, पायऱ्यांचा खालचा भाग कोणाच्या खात्यात, लँडिंगच्या जाळ्या आयएसने की अंदाजाने. तो कागद सही होऊन आला की मी यंत्र आणि टेप दोन्ही घेऊन येते.

कागद अजून आलेला नाही. कमिटीत जाळ्यांवरून वाद चालू आहे म्हणे.